नळ बदलला, बिल किती उतरलं?

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याचा विषय निघाला की हल्ली एक प्रस्ताव हमखास येतो. प्रत्येक नळाच्या तोंडाला पाणी वाचवणारी जाळी, म्हणजे एरेटर, बसवायची, जुने फ्लश काढून दोन बटणांचे लावायचे, शॉवर बदलायचे. विक्रेत्याच्या पत्रकात मोठ्या बचतीचे आकडे असतात आणि खर्च वर्षाच्या आत वसूल होईल असं आश्वासन असतं. सभेत लगेच दोन तट पडतात. एकांना हे पर्यावरणाचं काम वाटतं, तर दुसऱ्यांना वर्गणीवर मारलेला डल्ला. पाणी वाचतं याबद्दल फारसं दुमत नसतं. पैसे वाचतात का, आणि वाचले तर ते कोणाच्या खिशात जातात, याबद्दल मात्र कोणीच ठामपणे बोलत नाही.

या प्रश्नाचा शोध गेली तीसेक वर्षं बऱ्याच ठिकाणी घेतला गेला आहे. अमेरिकेतल्या भाड्याच्या इमारतींमध्ये तो थेट नफ्याचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या सहकारी सोसायटीत नफा हा शब्द चालत नाही, तिथे मेंटेनन्स किती उतरला एवढंच पाहिलं जातं. अमेरिकेतला अनुभव आणि आपल्या मुंबई-पुण्याचा हिशेब शेजारी ठेवून पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते: फायदा उपकरणाच्या गुणवत्तेवर जितका ठरतो, त्याहून अधिक तो पाण्याचं बिल कसं येतं आणि कोण भरतं यावर ठरतो. उपकरण तेच, इमारतीची रचनाही सारखी, तरी एका ठिकाणी पाच महिन्यांत पैसे निघतात आणि दुसऱ्या ठिकाणी पाच वर्षं लागतात.

अमेरिकेत १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्याने घरगुती कमोडच्या एका फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटर, अशी कमाल मर्यादा घातली आणि १९९४ पासून ती लागू झाली. त्याआधीच्या कमोडना एका वेळी १३ लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागायचं. १९९४ मध्येच न्यूयॉर्क शहराने जुने कमोड बदलणाऱ्यांना पैसे परत देण्याची योजना काढली. पहिल्या कमोडला २४० डॉलरपर्यंत, पुढच्याला १५०. १९९७ पर्यंत १३ लाखांवर कमोड बदलले गेले आणि ज्या इमारतींनी भाग घेतला त्यांचा पाणीवापर सरासरी २९ टक्क्यांनी उतरला. नुसती उपकरणं बदलून इमारतीचं पाणी खरोखर कमी होतं, याचा इतका मोठा पुरावा दुसरा सापडणं कठीण.

पण हाच पुरावा नीट वाचायला हवा. पहिली गोष्ट, पैसे शहराने दिले होते. शहराला पाण्याचे नवे स्रोत आणि सांडपाण्याची नवी केंद्रं उभारण्याचा खर्च टाळायचा होता, म्हणून त्याला हा व्यवहार परवडला. घरमालकाने स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा परतावा हा वेगळा हिशेब. दुसरी गोष्ट, न्यूयॉर्कमध्ये कित्येक दशकं निवासी इमारतींची पाणीपट्टी वापरावर नव्हतीच. इमारतीची रस्त्याकडची रुंदी किती, मजले किती, नळ आणि संडास किती यावर ती ठरायची. १९८८ च्या सुमारास मीटर लावायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे वाचलेल्या पाण्याला घरमालकाच्या लेखी किंमत आली. तिसरी गोष्ट घरमालकांना सगळ्यांत जास्त खुपली. शहराचा वापर १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिवसाला दीड अब्ज गॅलनच्या घरात होता, तो लोकसंख्या वाढूनही एक अब्ज गॅलनच्या आसपास आला. दर मात्र वाढतच गेले. धरणं, बोगदे, कर्जाचे हप्ते यांचा खर्च पाणी कमी वापरलं म्हणून कमी होत नाही. त्यामुळे मालकाच्या हातात येणारं बिल वापराच्या प्रमाणात उतरलं नाही. कमोड बदलले नसते तर ते याहून मोठं आलं असतं, हे खरं आहे, पण बँकेच्या पासबुकात ते दिसत नाही.

अमेरिकेत 'नफा' हा शब्द वापरतात त्यामागे आणखी एक हिशेब असतो. तिथे शेकडो घरांची इमारत एकाच कंपनीच्या मालकीची असते आणि तिची किंमत वार्षिक निव्वळ उत्पन्नावरून ठरते. वर्षाला १०,००० डॉलरचा पाण्याचा खर्च वाचला आणि बाजारात ६ टक्के परताव्याचा दर धरला जात असला, तर इमारतीची किंमत सुमारे १,६७,००० डॉलरने वाढली असं धरतात. विक्रेत्यांच्या सादरीकरणात हा आकडा ठळक अक्षरांत असतो. यात एक धोका आहे. बचतीच्या अंदाजात हजार डॉलरची चूक झाली, तर किमतीत ती जवळजवळ सतरा हजारांची होते. आणि अंदाज बहुतेक वेळा एका वर्षाच्या 'आधी आणि नंतर'च्या बिलांवर बेतलेला असतो. त्या वर्षात काही घरं रिकामी होती का, उन्हाळा सौम्य होता का, उपकरणं बसवायला आलेल्या प्लंबरने जाता जाता गळक्या टाक्याही दुरुस्त केल्या का, हे त्यात धरलेलं नसतं. शेजारची तशीच, काहीच न बदललेली इमारत तुलनेला घेतल्याशिवाय उपकरणाचं श्रेय उपकरणाला देता येत नाही.

कर्ज देणाऱ्यांनाही हा धडा मिळाला. फॅनी मे या अमेरिकेतल्या मोठ्या गृहकर्ज संस्थेने पाणी किंवा ऊर्जेत ठरावीक बचत दाखवणाऱ्या इमारतींना सवलतीचं कर्ज देण्याची योजना आणली. पाण्याच्या तोट्या बदलणं हा अट पूर्ण करण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग होता. पुढे २०१९ पासून अट कडक झाली आणि ऊर्जेची काही बचत सक्तीची केली गेली. ज्या उपायाला मुळात फारसा खर्च नाही, त्यासाठी व्याजात मोठी सवलत का द्यायची, हा रास्त प्रश्न होता.

उपकरण चांगलं असणं ही तर पहिली पायरी. १९९४ नंतरचे सुरुवातीचे ६ लिटरचे कमोड बदनाम झाले होते, कारण जुन्याच आकाराच्या भांड्यात नुसतं पाणी कमी केलेलं होतं. एका फ्लशमध्ये साफ होत नाही म्हणून लोक दोनदा बटण दाबत. २००३ पासून उत्तर अमेरिकेत कमोडची स्वतंत्र चाचणी सुरू झाली. त्यात सोयाबीनच्या लगद्याचे गोळे कमोडमध्ये टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जातं ते मोजतात. पुढे अमेरिकी पर्यावरण संस्थेचं 'वॉटरसेन्स' हे चिन्ह मिळवायचं तर ४.८ लिटरच्या फ्लशमध्ये किमान ३५० ग्रॅम साफ व्हायला हवं असा नियम झाला. ही साधी मोजणी आली आणि कंपन्यांनी भांड्याचा आणि पाण्याच्या वाटेचा आकार सुधारला. दोन बटणांचा फ्लश त्याआधीच, १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या करोमा कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी तयार केला होता. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने पाणी वाचवणाऱ्या सॅनिटरीवेअरसाठी आयएस १७६५० हे मानक २०२१ मध्ये आणलं आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'भारत टॅप' उपक्रमाची घोषणा केली. तेव्हा बाजारात माल आहे आणि मानकही आहे. ते पाहून घेतलं तर उपकरणाची बाजू बरीचशी सुटते.

अवघड बाजू पुढे आहे, आणि ती आपल्या बाथरूममधली आहे.

पाश्चात्त्य अभ्यासांतले आकडे शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. मिनिटाला १२ लिटर सोडणारा शॉवर ७.६ लिटरचा केला की पाच मिनिटांच्या आंघोळीत २२ लिटर वाचतात, हे सरळ आहे. आपल्याकडे लाखो घरांत अजून बादलीनेच आंघोळ होते. अठरा लिटरची बादली भरायला आधी दीड मिनिट लागत असेल तर एरेटर लावल्यावर तीन मिनिटं लागतील. बादली अठरा लिटरचीच राहील. कपड्यांचं मशीन, फिल्टरची टाकी, कुकर, फरशी पुसायची बादली, पिण्याचा हंडा, या सगळ्यांना मोजून पाणी लागतं. तोटी कितीही सुधारली तरी त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो वाहत्या नळाखाली होणाऱ्या कामांत: भांडी घासणं, भाजी धुणं, हात-तोंड धुणं, दाढी.

किती फरक पडेल? आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत माणशी १३५ लिटरची एक जुनी फोड दिलेली असते: आंघोळ ५५, फ्लश ३०, कपडे २०, भांडी १०, घराची स्वच्छता १०, स्वयंपाक ५ आणि पिणं ५. ही फोड आजच्या प्रत्येक घराला लागू पडणार नाही, पण अंदाजाला पुरेशी आहे. वाहत्या नळाखालचं पाणी सैल हाताने २० लिटर धरलं आणि एरेटरने त्यातलं निम्मं वाचलं, तर माणशी १० लिटर वाचले. नळावर ५० टक्के, पण इमारतीच्या मीटरवर ७ टक्के. विक्रेत्याचा आकडा पहिला असतो आणि सोसायटीचं बिल दुसऱ्यावर येतं. दोन्ही खरे आहेत. सभेत गोंधळ होतो तो या दोन आकड्यांची गल्लत झाल्यामुळे.

फ्लशची गोष्ट जास्त आशादायक आहे. तिथे सवय, दाब, बादली काही आड येत नाही. दिवसाला माणशी तीन वेळा १० लिटर जात असतील, तर ६ आणि ३ लिटरच्या दोन बटणांनी एक मोठा आणि दोन छोटे फ्लश धरून १२ लिटर जातील. १८ लिटर वाचले, म्हणजे एकूण वापराच्या १३ टक्के. एरेटरच्या जवळपास दुप्पट.

आता पैसे. शंभर फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ५४,००० लिटर असं धरू.

मुंबईत महापालिकेचा दर २०२२ च्या वाढीनंतर निवासी इमारतींना हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे झाला. त्यावर ७० टक्के मलनिःसारण आकार धरला तर साधारण १० रुपये ८० पैसे. एरेटरने दिवसाला ४,००० लिटर वाचले तर रोजचे ४३ रुपये, महिन्याचे सुमारे १,३००. फ्लॅटमागे १३ रुपये. पाच नळांना दीडशे रुपयांप्रमाणे साडेसातशेचा खर्च निघायला जवळजवळ पाच वर्षं. फ्लशने दिवसाला ७,२०० लिटर वाचले तरी फ्लॅटमागे महिन्याला २३ रुपये. त्यासाठी कमोड बदलायला बारा हजार घातले, तर ते वसूल व्हायला चाळीसहून अधिक वर्षं लागतील; तोवर इमारतीचाच पुनर्विकास झालेला असेल. मुंबईतल्या ज्या सोसायटीला फक्त महापालिकेचं पाणी आहे आणि ते पुरतं, तिला या उपकरणांनी पाणीबिलात लक्षात येण्याजोगा फायदा होत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा सोसायट्यांनाही वर्षभरात पैसे परत मिळतील असं सांगितलं जातं. अपवाद एकच: मुंबईत माणशी १५० लिटरच्या वरच्या वापराला दुप्पट आणि पुढे तिप्पट, चौपट दर लागतो. तुमचं बिल त्या टप्प्यात जात असेल, तर वरचे लिटर आधी कापले जातात आणि हिशेब बदलतो.

हाच हिशेब बाणेर, वाघोली, उंड्री किंवा घोडबंदर रोडच्या टँकरवर चालणाऱ्या सोसायटीला लावून पाहा. निम्मं पाणी महापालिकेचं आणि निम्मं टँकरचं. दहा हजार लिटरचा टँकर १,२०० रुपयांना धरला तर हजार लिटरला १२० रुपये पडतात, मुंबईच्या दराच्या अकरा पट. वाचलेलं पाणी महापालिकेच्या स्वस्त पाण्यातून कोणी कमी करत नाही, ते टँकरमधूनच कमी होतं. एरेटरचे ४,००० लिटर म्हणजे महिन्याला १४,४०० रुपये, फ्लॅटमागे १४४. साडेसातशे रुपये पाच-सहा महिन्यांत निघाले. फ्लशचे ७,२०० लिटर म्हणजे फ्लॅटमागे २५९. बारा हजारांचा कमोडही चार वर्षांच्या आत सुटला. उन्हाळ्यात टँकरचा भाव चढतो तेव्हा तर आणखी लवकर. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. तिथल्या सोसायट्यांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

बंगळूरने हे २०२४ च्या मार्चमध्ये पाहिलं. बोअर आटल्या, टँकरचे भाव इतके चढले की जिल्हा प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले: पाच किलोमीटरच्या आत १२,००० लिटरच्या टँकरला १,००० रुपये. त्याच महिन्यात तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने व्यापारी संकुलं, हॉटेलं आणि अपार्टमेंटमधल्या सामायिक वापराच्या नळांना एरेटर सक्तीचे केले, न लावणाऱ्याला ५,००० रुपयांच्या दंडाचा इशारा दिला. घाईत लावलेल्या जाळ्यांपैकी किती टिकल्या, हा पुढचा प्रश्न. पण पाणी महागलं की उपकरणाचा परतावा आपोआप जवळ येतो, हे तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं.

पुणे महापालिकेच्या हद्दीतल्या, टँकर न लागणाऱ्या जुन्या सोसायट्यांची स्थिती मुंबईहून वेगळी आहे. तिथे घरगुती पाणीपट्टी मिळकतकराबरोबर, करपात्र मूल्यावर आकारली जाते. समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवले गेले, पण पट्टी मूल्यावरच असेल तर वाचलेल्या हजार लिटरची किंमत सोसायटीच्या हिशेबात शून्य आहे. न्यूयॉर्कच्या रुंदीवरच्या पट्टीसारखीच ही गत. अशा सोसायटीने पाणी वाचवावं ते शहरात पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसासाठी, खडकवासल्याच्या पाण्यावर हक्क सांगणाऱ्या शेतकऱ्यासाठी. ते कारण पुरेसं मोठं आहे. त्याला नफ्याचा मुलामा देण्याची गरज नाही.

आणि नवीन इमारतीत एक गोष्ट सर्रास विसरली जाते. सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे एसटीपी, चालू असलेल्या बऱ्याच सोसायट्यांत फ्लशला वेगळी पाइपलाइन असते आणि प्रक्रिया केलेलं पाणीच तिथे जातं. एसटीपीचं पाणी बागेला, फ्लशला वापरूनही बऱ्याचदा उरतं आणि गटारात सोडावं लागतं. अशा इमारतीत फ्लश बदलून टँकर एकही कमी होत नाही. वर काढलेली फ्लशची सगळी बचत तिथे बाद.

दाबाचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा. आपल्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून पाणी उतरतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब. बारा मजल्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तीन मीटरचा दाब मिळाला तर खालच्या मजल्यावर छत्तीसचा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वर मिनिटाला ५ लिटर येत असतील तर खाली १७. वरच्या फ्लॅटला एरेटर लावला तर धार करंगळीएवढी होते, गिझरला पाणी पुरेसं जात नाही, आणि आठवड्याच्या आत जाळी निघून कपाटात जाते. खालच्या फ्लॅटला तोच एरेटर उत्तम काम करतो. सगळ्या फ्लॅटना सारखी उपकरणं घेण्याचा ठराव म्हणूनच चुकतो. खालच्या निम्म्या मजल्यांच्या डाऊनटेक, म्हणजे टाकीतून खाली येणाऱ्या, पाइपांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवले, तर कोणाच्याही बाथरूममध्ये न शिरता तिथला प्रवाह उतरतो.

तपासायला यंत्र लागत नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या, नळ पूर्ण सोडा. चाळीस सेकंदांत बादली भरली तर प्रवाह मिनिटाला १५ लिटर. दोन मिनिटं लागली तर ५, तिथे वाचवण्यासारखं काही नाही. प्रत्येक मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आणि एका बेसिनवर एवढं केलं तरी कुठे एरेटर लावायचे याचा नकाशा एका सुट्टीच्या सकाळी तयार होतो.

बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार असतात. सहा महिन्यांनी एरेटर फिरवून काढला तर आतली जाळी पांढऱ्या खरपुडीने लिंपलेली दिसते, मागे वाळूचे बारीक कण बसलेले असतात, आणि निम्मी छिद्रं बुजलेली असतात. धार तिरकी उडायला लागते, ओट्यावर पाणी पडतं, आणि घरातलं माणूस वैतागून जाळी काढून टाकतं. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या ब्रशने घासली की ती पुन्हा नव्यासारखी चालते. पण हे करायचं कोणी? सोसायटीने बसवलं आणि सभासदाने काढलं, याची नोंद कुठेच होत नाही. पहिल्या वर्षीची बचत तिसऱ्या वर्षी अर्ध्यावर येते ती अशी. देखभालीसाठी प्लंबरची वर्षातून दोन फेऱ्यांची मजुरी धरल्याशिवाय केलेला कुठलाही परताव्याचा हिशेब अपुरा आहे.

सोय झाली की माणूस जास्त वापरतो, बचत वाहून जाते, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यावर चांगला पुरावा आहे. कॅन्ससमधल्या बर्न नावाच्या छोट्या गावात १९९७ मध्ये सुमारे शंभर घरांना कमी पाणी-विजेची कपडे धुण्याची मशीन दिली गेली. त्या आकडेवारीच्या अभ्यासात कपडे धुण्याचं प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढलेलं दिसलं. वाढ झाली, पण बचतीच्या मानाने किरकोळ. या आक्षेपावर फार वेळ घालवू नये.

वेळ घालवावा तो बिलाच्या वाटपावर. अमेरिकेत २००४ मध्ये अनेक शहरांतल्या भाड्याच्या इमारतींचा एक मोठा अभ्यास झाला. ज्या घरांना स्वतंत्र मीटर होते, तिथे वापर १५.३ टक्क्यांनी कमी होता. ज्या इमारतींत एकूण बिल माणसं किंवा क्षेत्रफळ यांच्या सूत्राने वाटून दिलं जायचं, तिथे दखल घेण्याजोगी बचत आढळली नाही. माणूस आपल्या बिलासाठी हात आखडतो, सगळ्यांच्या बिलासाठी नाही. आता आपल्याकडचे आदर्श उपविधी पाहा. पाणीपट्टीची विभागणी प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांच्या प्रमाणात करावी, असं त्यांत म्हटलं आहे. बऱ्याच सोसायट्या तर तेही सोडून सरसकट समान आकारणी करतात. दोन्ही पद्धतींत, ज्या घराने स्वतःच्या खर्चाने फ्लश बदलला त्याची बचत शंभर घरांत वाटली जाते आणि त्याच्या वाट्याला शंभरावा भाग येतो. तो कशाला बदलेल?

फ्लॅटमागे मीटर लावणं हाच त्यावरचा इलाज, पण आपल्या बांधकामात तो सोपा नाही. स्वयंपाकघर, दोन बाथरूम, संडास, ड्राय बाल्कनी, प्रत्येकाला गच्चीवरून वेगळा डाऊनटेक येतो. एका फ्लॅटला तीन ते पाच मीटर लागतात. तरीही टँकरवर लाखभर रुपये महिन्याला घालवणाऱ्या सोसायटीला हा खर्च परवडतो, आणि उपकरणांच्या आधी करण्यासारखा आहे असं माझं मत आहे. मीटर लागला की उपकरण घ्यायचं की नाही ते सभासद आपापलं ठरवतो, सभेत भांडण राहत नाही.

मालक एक आणि राहणारे अनेक, अशी अमेरिकेसारखी स्थिती आपल्याकडे पीजी, वसतिगृहं आणि सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये आहे. हिंजवडी किंवा खराडीत शंभर खाटांचा पीजी चालवणाऱ्याचं पाणीबिल भाड्यातच धरलेलं असतं, तरुण मुलं शॉवर वापरतात, आणि टँकर त्यालाच घ्यावा लागतो. खर्च त्याचा, बचतही त्याची. पाणी वाचवणाऱ्या उपकरणांनी नफा वाढतो हे विधान महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त इथे खरं ठरतं.

शॉवर वापरणाऱ्या कुटुंबाला आणखी एक फायदा असतो आणि त्याकडे कोणी बघत नाही, कारण तो पाण्याच्या बिलात येत नाही. हजार लिटर पाणी २० अंशांनी तापवायला २३ युनिट वीज लागते. युनिट आठ रुपयांनी धरलं तरी १८६ रुपये. म्हणजे मुंबईत पाण्याच्या दरापेक्षा ते तापवण्याचा खर्च कितीतरी पट जास्त. शॉवर बदलून एका आंघोळीत जे २२ लिटर वाचतात, त्यांना १५ अंशांनी तापवायचे जवळजवळ तीन रुपये वाचतात. माणशी महिन्याला ९० च्या आसपास. मुंबईतल्या फ्लॅटधारकाला पाण्यातून मिळणाऱ्या तेरा रुपयांच्या कितीतरी पुढे हे आहे. पण हा फायदा सोसायटीचा नसून घराचा आहे, म्हणून त्याचा खर्चही घरानेच करावा. आणि बादलीने आंघोळ करणाऱ्याने शॉवरकडे वळूच नये. अठरा लिटरची बादली पाच मिनिटांच्या 'बचतीच्या' शॉवरपेक्षा कमी पाण्यात काम भागवते.

या सगळ्याआधी गळती. फ्लशच्या टाकीतलं रबर खराब झालं की भांड्यात अखंड बारीक धार वाहत राहते, आवाज येत नाही, आणि दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकतात. टाकीत खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. सेकंदाला एक थेंब पडणारा नळ वर्षाला दहा-अकरा हजार लिटर घालवतो, म्हणजे एक आख्खा टँकर. गच्चीवरची टाकी भरून वाहते, वॉचमनच्या लक्षात येईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. पाण्याची पातळी ओळखून पंप बंद करणारं साधं यंत्र ते थांबवतं. या दुरुस्त्यांना कसलाही मोठा ठराव लागत नाही. उपविधींनुसार फ्लॅटच्या आतली गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची असते, पण सोसायटीने एकाच प्लंबरकडून सगळ्या फ्लॅटची एकदम तपासणी करून घेतली तर ती स्वस्तात होते. रबर आणि फ्लोट बदलण्याची किंमत कमोड बदलण्याच्या किमतीच्या जवळपासही नाही. जुन्या दहा लिटरच्या टाकीतला फ्लोट थोडा खाली घेतला तरी पाणी वाचतं. मात्र जुनं भांडं सहा लिटरमध्ये साफ होत नाही, तेव्हा दोनदा फ्लश करावा लागणार नाही इतकंच खाली घ्यावं.

तेव्हा निर्णय इमारत पाहूनच करावा लागतो. टँकर घेणाऱ्या सोसायटीने आणि पीजीच्या मालकाने गळती काढून, दाब तपासून, खालच्या मजल्यांना एरेटर लावावेत आणि ताज्या पाण्यावरच्या जुन्या कमोडऐवजी दोन बटणांचे घ्यावेत. पैसे परत मिळतात आणि लवकर मिळतात. महापालिकेच्या पुरेशा पाण्यावरच्या सोसायटीने कमोड फोडू नयेत, बाथरूमची दुरुस्ती निघेल तेव्हा नवे मानकाचे घ्यावेत. सभेपुढे असा प्रस्ताव आला असेल, तर मतदानाच्या आधी समितीने मुख्य मीटरचं रीडिंग आणि आलेले टँकर सलग दोन महिने रोज वहीत उतरवून घ्यावेत, आणि विक्रेत्याला त्याच वहीतल्या आकड्यांवर बचत लेखी लिहून द्यायला सांगावं. तो लिहून देत नसेल तर माल घेऊ नये.